तक्रार रविवारी आली, मंगळवारी मिटली. मग दिवस किती लागले?

विचारणा थोडक्यात अशी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एअर कॉम्प्रेसरची विक्री आणि सर्व्हिस करणारं दुकान. वर्षापूर्वी सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, घेतलं. इन्क्वायरी कधी आली, ऑर्डर कधी मिळाली, कम्प्लेंट कधी आली, कधी मिटली, सगळं त्यात भरलं जातं. पण दोन तारखांमधला फरक काढायला लावला की कुठं एक दिवस जास्त येतो, कुठं १.७४ असला अपूर्णांक येतो, तर कुठं चक्क उणे आकडा. त्यात 'शेवटच्या संपर्काला किती दिवस झाले' हा रकाना दोन महिने ३ वरच अडकून बसलाय. सॉफ्टवेअर बदलावं का, आणि जुन्या नोंदींचं काय करावं?

बदलू नका. नवीन घ्याल त्यातही हेच होणार. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात मी बरीच वर्षं हीच कामं करतोय, आणि दर दुसऱ्या दुकानात हीच कहाणी असते. सॉफ्टवेअर वजाबाकी बरोबरच करत असतं. कशातून काय वजा करायचं हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तुमचीच एक कम्प्लेंट घेऊ. दुकान साडेनऊ ते साडेसहा आणि सोमवारी सुट्टी, असं तुम्ही लिहिलंय. समजा रविवारी संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी शिरोलीच्या एका फौंड्रीतून फोन आला की कॉम्प्रेसर प्रेशर धरत नाही. मंगळवारी सकाळी ११ वाजता मेकॅनिकनं मशीन चालू करून दिलं. किती वेळ लागला? कॅलेंडर बघितलं तर २ दिवस. घड्याळ बघितलं तर ४१ तास ५० मिनिटं. त्याला २४ नं भागलं की १.७४ दिवस, तुम्हाला दिसला तो अपूर्णांक असाच येतो. आणि दुकानाच्या वेळेनं मोजलं तर रविवारचा १ तास २० मिनिटं, मंगळवारचा दीड तास, म्हणजे सगळे मिळून २ तास ५० मिनिटं.

चारही उत्तरं बरोबर आहेत. फौंड्रीवाला म्हणणार, "दोन दिवस लाईन बंद ठेवली तुम्ही." मेकॅनिक म्हणणार, "सायेब, तीन तासांत उरकलं की काम, आणि काय करायचं?" दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून फॉर्म्युला लिहायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा: हा रकाना कुणासाठी आहे? माझं मत विचाराल तर कम्प्लेंटला दोन रकाने हवेत. एक गिऱ्हाईकाच्या घड्याळाचा, त्यात रात्र आणि सुट्टी सगळं धरायचं. दुसरा आपल्या कामाच्या तासांचा. बरेच मालक फक्त दुसरा ठेवतात, कारण त्यात आकडा छान दिसतो. पण एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रिन्यू करताना गिऱ्हाईकाच्या डोक्यात पहिला आकडा असतो, आणि तो तुमच्याकडं नसेल तर बोलणी तिथंच बिघडतात. इन्क्वायरी ते ऑर्डर या प्रवासाला मात्र साधे कॅलेंडरचे दिवस पुरतात. तिथं तास-मिनिटं मोजणं म्हणजे गुळाच्या ढेपेचं वजन सोन्याच्या काट्यावर करणं.

आता यंत्र काय करतं ते बघू. सीआरएममध्ये तारखेचे रकाने दोन जातीचे असतात: नुसती तारीख, आणि तारीख-वेळ. नुसत्या तारखेतून नुसती तारीख वजा केली की पूर्ण दिवस मिळतात. तारीख-वेळेतून तारीख-वेळ वजा केली की काय मिळेल ते सॉफ्टवेअरवर आहे. सेल्सफोर्स दिवस देतं, अपूर्णांकासकट, त्याला २४ नं गुणलं की तास. झोहोच्या फॉर्म्युल्यातलं डेटकॉम्प हे फंक्शन मिनिटं देतं, त्याला १४४० नं भागायचं तेव्हा दिवस होतात. एका दुकानात मी ऑर्डर मिळायला सरासरी '२०,१६०' दिवस लागल्याचा रिपोर्ट बघितलाय. ती मिनिटं होती, म्हणजे १४ दिवस. त्या रिपोर्टवर दोन मीटिंगा झाल्या होत्या.

तुमचं सॉफ्टवेअर कुणी इथंच बसून मायएसक्यूएल या डेटाबेसवर बनवून दिलं असेल तर आणखी एक गंमत आहे. मायएसक्यूएलचं डेटडिफ हे फंक्शन वेळेकडं बघतच नाही, फक्त तारखा वजा करतं. रात्री ११:५० ला आलेली आणि १२:१० ला मिटलेली कम्प्लेंट त्याच्या लेखी १ दिवस. त्यात नंतरची तारीख आधी लिहायची आणि आधीची नंतर. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही त्याच नावाचं फंक्शन आहे, पण तिथं क्रम उलटा: आधीची तारीख आधी. शिवाय ते किती वेळ गेला हे मोजत नाही, किती सीमा ओलांडल्या ते मोजतं. ३१ डिसेंबरची रात्र आणि १ जानेवारीची पहाट यांच्यातला फरक वर्षांत विचारलात तर ते १ वर्ष म्हणून मोकळं होतं. एकीकडचा कोड दुसरीकडं चिकटवला की उणे आकडे येतात. तुमच्या उण्याचं एक कारण हे असू शकतं. बाकीची कारणं पुढं सांगतो.

आधी तो एक दिवस जास्त का येतो ते बघा, कारण तो सगळ्यात छुपा आहे.

सॉफ्टवेअर तुम्हाला स्क्रीनवर कोल्हापूरची वेळ दाखवतं, पण पोटात ते जागतिक प्रमाणवेळ साठवतं. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळं रोज मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात कोल्हापुरात नवीन तारीख लागलेली असते आणि सॉफ्टवेअरच्या पोटात कालचीच चालू असते. दिवसा काम करणाऱ्या दुकानाला हे कधी कळतसुद्धा नाही. पण तुमची गिऱ्हाइकं फौंड्रीवाली आहेत, त्यांच्या रात्रपाळ्या चालतात.

समजा १२ तारखेला पहाटे सव्वादोन वाजता रात्रपाळीच्या सुपरवायझरनं ॲपवरून कम्प्लेंट टाकली. सॉफ्टवेअरनं साठवली ११ तारीख, रात्रीचे ८:४५. मेकॅनिक १२ तारखेलाच सकाळी १० वाजून २० मिनिटांनी काम मिटवून आला. साठवलेली वेळ १२ तारीख, पहाटेचे ४:५०. आता फॉर्म्युल्यानं साठवलेल्या वेळेतून नुसती तारीख खुडून घेतली तर १२ वजा ११, म्हणजे १ दिवस. कोल्हापुरात मात्र ते काम त्याच दिवशी झालंय. 'त्याच दिवशी सेवा' असं तुम्ही छापत असाल तर तो एक दिवस महागात पडतो.

उपाय सोपा आहे. तारीख-वेळेतून तारीख काढायच्या आधी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. दिवसांत हिशोब असेल तर ५.५ भागिले २४ असं सरळ लिहा. ०.२३ असं गोल करून लिहू नका, त्यात मिनिटा-मिनिटाची चूक शिरते आणि नेमकी मध्यरात्रीच्या काठावरच्या नोंदीवर बसते. मात्र आधी तपासा, कारण काही सॉफ्टवेअरं तारीख काढताना वापरणाऱ्याची वेळ आपणहून धरतात. तिथं पुन्हा साडेपाच तास मिळवलेत तर संध्याकाळी साडेसहानंतरच्या सगळ्या नोंदी उद्यावर जातील. तपासायला एक खोटी नोंद पहाटे ५:२० ची करा, दुसरी ५:४० ची, तिसरी संध्याकाळी ७ ची. तिन्हींना एकच तारीख आली तर ठीक.

तास किंवा मिनिटं मोजताना हा घोळ होत नाही, कारण दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या असतात. घोळ फक्त 'दिवस' मोजताना होतो. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्यानं ठरावीक साडेपाच तास मिळवून भागतं. पण तुमचं कुणी गिऱ्हाईक जर्मनीला कास्टिंग पाठवत असेल आणि त्याला त्यांच्या वेळेनं हिशोब लागत असेल तर हा जुगाड चालणार नाही. तिथं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, आणि बदल मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिथं टाइमझोनचं नाव घेणारं फंक्शनच वापरायचं.

अडकलेल्या रकान्याचं कारण वेगळं आहे. 'शेवटच्या संपर्काला किती दिवस' हा आकडा रोज आपोआप वाढायला हवा, पण बऱ्याच सीआरएममध्ये असा फॉर्म्युला नोंद सेव्ह केली तेव्हाच मोजला जातो आणि तो आकडा तसाच साठवून ठेवला जातो. नोंदीला हात लावला नाही तर आकडा हलत नाही. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाकडं कुणी दोन महिने बघितलंच नाही, नेमका त्याचाच आकडा ३ वर गोठतो. सेल्सफोर्ससारख्यांत फॉर्म्युला बघताना मोजला जातो, तिथं हे होत नाही.

माझा यावरचा नियम पक्का आहे: आजपासूनचं अंतर कधी साठवायचं नाही. साठवायची ती शेवटच्या संपर्काची तारीख. अंतर रिपोर्टमध्ये किंवा यादीच्या फिल्टरमध्ये काढायचं. 'शेवटचा संपर्क १५ दिवसांपेक्षा जुना' अशी यादी जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करता येते, आणि सकाळी चहा घेता घेता सेल्सवाल्याला आकडा नाही, यादीच लागते. आकडा पाहिजेच असेल तर रात्री सगळ्या नोंदींवरून फिरणारं एक शेड्युल लावून घ्या.

आणि एक. 'लास्ट मॉडिफाइड' हा रकाना शेवटचा संपर्क म्हणून धरू नका. मागं एका ठिकाणी कुणीतरी एका दुपारी सगळ्या गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर एक्सेलमधून चढवले. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या मते सगळ्यांशी कालच बोलणं झालं होतं. मालक खूश, फॉलोअपची यादी रिकामी.

उणे आकड्यांकडं येतो. बहुतेक वेळा दोष भरण्यात असतो. वर्षभराचा जुना डेटा तुम्ही एक्सेलमधून चढवला असणार. एक्सेल महिना आधी धरणाऱ्या अमेरिकन सेटिंगवर असेल तर आपली ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल, त्याला ४ मार्च वाटते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा त्याला महिना म्हणून बसतच नाहीत, त्या तो मजकूर म्हणून सोडून देतो. त्यामुळं ओळखायची खूण पक्की आहे: चुका फक्त १ ते १२ तारखांच्या नोंदींत असतील, आणि उरलेल्यांत फरक रिकामा येत असेल, तर दुसरीकडं शोधू नका.

दुसरी खूण: फरक ४५ हजारांच्या घरात दिसला तर मिटल्याची तारीख रिकामी आहे. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं, आणि १ एप्रिल २०२५ हा त्याच्या हिशोबात ४५,७४८ वा दिवस आहे. रिकाम्याला शून्य धरलं की शून्यातून तेवढे वजा. वेब सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्याचं भूत वेगळ्या रूपात येतं: तारीख दिसते १ जानेवारी १९७०, वेळ सकाळी ५:३०. वेळ साडेपाचच का, हे आता तुम्हाला सांगायला नको. फॉर्म्युल्यात आधी 'मिटल्याची वेळ रिकामी आहे का' हे विचारून घ्या, असेल तर उत्तरही रिकामंच ठेवा. शून्य ठेवू नका, शून्य सरासरीत शिरतं आणि न मिटलेल्या कम्प्लेंटीच तुमची सरासरी सुधारतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मेकॅनिकचं बोट. दुपारी साडेबाराला काम मिटवून फोनवर १२:३० एएम टाकलं की वेळ बारा तास मागं गेली, आणि सकाळी १० ला आलेली कम्प्लेंट यायच्या आधीच मिटली. वेळ हातानं भरायलाच ठेवू नका. 'मिटली' हे बटण दाबलं की वेळ आपोआप पडू दे. मेकॅनिक कुरकुरतील, कारण कागल-हातकणंगले एमआयडीसीत जागेवर बटण न दाबता संध्याकाळी दुकानात येऊन सगळी एकदम दाबायची सवय असते. ती सवय मोडायला महिना लागतो. फॉर्म्युल्यानं ती मोडत नाही.

कामाचे तास मोजणं हा यातला खरा किचकट भाग. एक्सेलमध्ये दिवसांपुरतं नेटवर्कडेज डॉट इंटल हे फंक्शन आहे, त्यात फक्त सोमवार सुट्टी असेल तर आठवड्याचा कोड १२ द्यायचा (फक्त रविवारला ११). ते दोन्ही टोकं मोजतं हे विसरू नका. आपल्या रविवार-मंगळवारच्या उदाहरणात ते २ सांगेल, अंतर पाहिजे असेल तर १ वजा करा. सीआरएममध्ये बहुधा 'बिझनेस अवर्स' म्हणून सेटिंग असतं. तिथं येणारा तयार साचा बऱ्याचदा सोमवार ते शुक्रवारचा असतो. कुणी तो बदलत नाही. तुमच्याकडं तो बदलला नसेल तर रविवारचं सगळं काम सॉफ्टवेअरच्या लेखी झालेलंच नाही, आणि बंद दुकानाचा सोमवार मात्र पूर्ण दिवस धरलाय.

सुट्ट्यांची यादी दरवर्षी नव्यानं भरावी लागते, कारण आपले सण तिथीनं चालतात. जोतिबाची चैत्र यात्रा, ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा, खंडेनवमी, अनंत चतुर्दशी. आणि खरं सांगायचं तर चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीही. मिरवणूक संपते कधी हे इथल्या माणसाला माहीत आहे, त्या दिवशी कोणता मेकॅनिक वेळेवर येतो?

सुट्टीखेरीज घड्याळ थांबवायचे प्रसंगही असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. त्या आठवड्यातल्या कम्प्लेंटींचे तास आजही कुणाच्या सरासरीत असतील तर ती सरासरी काही कामाची नाही. यासाठी 'थांबलेली' अशी एक स्थिती ठेवा. त्या स्थितीत नोंद गेली की वेळ एका रकान्यात टिपायची, बाहेर आली की मधले तास दुसऱ्या रकान्यात जमा करायचे. जमा, म्हणजे आधीच्यात मिळवायचे. नोंद दोनदा थांबली तर पहिले तास पुसले जायला नकोत. शेवटी एकूण तासांतून हे जमा तास वजा. फक्त कोणत्या कारणानं थांबवता येईल ते मालकानं ठरवावं. रस्ता बंद, गिऱ्हाइकानंच पुढची तारीख दिली, ही कारणं ठीक. 'पार्ट यायचाय' हे कारण मी घेऊ देत नाही. पार्ट स्टॉकला नाही हा आपला विषय, गिऱ्हाइकाचा नाही. हे कारण यादीत घातलं की महिन्याभरात निम्म्या कम्प्लेंटी पार्टची वाट बघत बसतात, असं मी दोनदा बघितलंय.

महिन्यांच्या हिशोबाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वॉरंटीत तो येणारच. १ मार्च २०२३ मध्ये ३६५ दिवस मिळवले तर २९ फेब्रुवारी २०२४ येते, १२ महिने मिळवले तर १ मार्च. कार्डावर 'महिने' छापले असतील तर महिनेच मिळवा, दिवसांत बदलू नका. आणि एक्सेलच्या डेटडिफमध्ये महिने सोडून उरलेले दिवस काढायचा 'एमडी' प्रकार वापरू नका, तो कधीकधी चुकीचं उत्तर देतो आणि मायक्रोसॉफ्टनंही तसा इशारा दिलेला आहे.

गिऱ्हाइकाकडून येणं असलेल्या पैशांच्या हिशोबालाही हेच लागू. तुम्ही उत्पादन करणारा किंवा सेवा देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ती माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. तुमचं सॉफ्टवेअर बिलाच्या तारखेपासून मोजत असणार. बिल ७ जूनचं आणि माल पोचला १० जूनला, तर शेवटचा दिवस २५ जुलै. २२ जुलैला फोन करून 'मुदत संपली' म्हणालात तर समोरचा अकाउंटंट डिलिव्हरी चलन काढून दाखवेल. पहिला दिवस धरायचा नाही, शेवटचा धरायचा, हा कायद्याचा सर्वसाधारण रिवाज आहे, आणि तारखांची साधी वजाबाकीही तेच उत्तर देते. इथं तरी दोघांचं जमतं.

राहिला जुन्या नोंदींचा प्रश्न. त्या सगळ्या दुरुस्त करायच्या मागं लागू नका. ज्यांची तारीख १ ते १२ मधली आहे आणि फरक उणे आहे, तेवढ्या काढा आणि दिवस-महिन्याची अदलाबदल करून बघा, बहुतेक तिथंच सुटतील. रात्रपाळीच्या नोंदींना हात लावायची गरज नाही. साठवलेली वेळ बरोबरच आहे, फॉर्म्युला बदलला की उत्तर आपोआप सुधारेल. संध्याकाळी एकगठ्ठा 'मिटली' केलेल्या कम्प्लेंटींची खरी वेळ मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही, मेकॅनिकलाही नाही. त्यांना एक खूण लावून सरासरीतून बाहेर ठेवा. आणि मेकॅनिकांच्या इन्सेन्टिव्हला हे तास जोडायचा विचार असेल तर आपोआप वेळ पडणारं बटण तीन महिने चालू द्या, त्याआधी नको.